देशी चौदा, परदेशी शून्य

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४.२०

जेवायला मेहुणा आला होता. नेहमीप्रमाणे गाडी फाटकासमोर आडवी लावून. नऊ वर्षांची देशी गाडी. मागच्या सीटवर फरशांचे नमुने, पुढचा बंपर तारेने बांधलेला. त्याचं फरशांचं दुकान आहे, त्यामुळे गाडी आणि हातगाडी यांत तो फारसा फरक करत नाही.

मोठी बातमी म्हणजे मुलीला नोकरी लागली. धरणापलीकडच्या दवाखान्यात नर्स. एक जूनला हजर व्हायचं. घरापासून अडुसष्ट किलोमीटर. बस आहे, पण ती पोचते तेव्हा मुलीची ड्यूटी सुरू होऊन दोन तास झालेले असणार. म्हणजे गाडी हवी. जुनी चालेल, पण हवी. मधले वीस किलोमीटर रस्ता जंगलातून जातो आणि तिथे फोनला रेंज नाही. मुलगी म्हणाली की गाड्यांतलं तिला ओ की ठो कळत नाही. देशी घेऊ की इंपोर्टेड, एवढंच सांगा; त्या वीस किलोमीटरमध्ये बंद पडली नाही म्हणजे झालं.

मेहुणा म्हणाला, देशी घे, कुठलाही मेकॅनिक कुठेही उघडून दुरुस्त करतो. मी म्हणालो की गाडी उघडावीच लागू नये, हा माझा मुद्दा आहे. माझी इंपोर्टेड अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याआधी एका दंतवैद्याकडे होती. यावर पाऊण तास चर्चा. मेहुण्याने चर्चेच्या काळात सगळी कोशिंबीर संपवली.

शेवटी मुलगी म्हणाली की दोघांनी मिळून नीट पुराव्यानिशी काय ते ठरवा. आणि मला वेगळं म्हणाली, की बाबा, तुम्ही लिहून दिलंत तर मी तीच गाडी डोळे मिटून घेईन.

जबाबदारी स्वीकारली. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात प्रपत्रं तयार करतो आहे. शहरातल्या एकाही घराला माझा नमुना भरल्याशिवाय नळ मिळालेला नाही. दोन गाड्यांची तुलना म्हणजे माझ्या हातचा मळ.

१६ फेब्रुवारी, सोमवार

‘वाहन विश्वासार्हता नोंद, नमुना १’ तयार. मुदत आजपासून नव्वद दिवस. रकाने पाच: दिनांक, वाहन, बिघाड, कारण, शेरा.

किलोमीटरचा रकाना विचारपूर्वक ठेवलेला नाही. त्याने उगाच हिंडणाऱ्या गाडीला फुकटचे गुण मिळतात. खर्चाचाही नाही. खर्च हा स्वभाव नव्हे.

व्याख्या एका बैठकीत जमली. ‘बिघाड म्हणजे वाहन प्रवासात असताना त्याच्या कोणत्याही भागाने आपले काम नीट न करणे.’ सौ.ला वाचून दाखवली. म्हणाली, छान आहे, आता कपडे वाळत घाला.

मेहुण्याने रोज फोन करून आपल्या गाडीचं खरंखरं सांगायचं, असं ठरलं. माझ्या गाडीचं मी बघेन.

१८ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ८.०५

गाडी सुरू झाली नाही. सेल्फ मारला की ‘टक्’ आणि मग शांतता. सहा वेळा टक्.

हा बिघाड का? व्याख्या काढून पाहिली. ‘प्रवासात असताना.’ गाडी प्रवासात नव्हती, फाटकाच्या आत उभी होती. सबब बिघाड नाही. व्याख्या आधी करून ठेवण्याचे फायदे हे असे. शेरा: वाहनाने प्रवासास आरंभ केला नाही.

बसने गेलो. सौ. त्याच बसने औषधांच्या दुकानात कामाला जाते. मला पाहून म्हणाली की किती दिवसांनी जोडीने बाहेर पडलो. मी तिला व्याख्या समजावून सांगितली. ती तिच्या स्टॉपच्या एक स्टॉप आधीच उतरली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मेहुण्याचा फोन. गाडीचा डावा वायपर कुरकुरतो.

देशी: १. मला वाईट वाटलं, पण नोंद ती नोंद.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुण्याची गाडी पंक्चर. तो म्हणाला, भावजी, खिळा काही पासपोर्ट बघून घुसत नाही. मी त्याला ‘कोणत्याही भागाने’ हे शब्द वाचून दाखवले. टायर हा भाग आहे. स्टेपनी लावून तो दहा मिनिटांत पुढे गेला, ही गोष्ट नमुन्यात बसत नाही. देशी: २.

माझ्या गाडीला नवी बॅटरी. इंपोर्टेड गाड्यांच्या स्पेशालिस्ट मेकॅनिकने स्वतः बसवली. माझ्या गाडीला मी कुणा ऐऱ्यागैऱ्याचा हात लागू देत नाही. स्पेशालिस्टच्या मते इंपोर्टेड गाड्या नाजूक नसतात, संवेदनशील असतात. हे वाक्य लिहून ठेवलं.

४ मार्च, बुधवार

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आहे. पुस्तिकेत पाहिलं. पुस्तिका तिच्या मूळ भाषेत आहे, पण उद्गारचिन्ह कळलं.

मेहुण्याच्या गाडीत असला दिवाच नाही. ती गाडी काही बोलत नाही, निमूट चालते. माझी गाडी आपल्याला काय होतंय ते सांगते. याला विश्वासार्हता नाही म्हणायचं तर कशाला? मुलीला हा मुद्दा पटवला. ती म्हणाली की काय होतंय ते कळलं का? मी म्हटलं, अजून नाही, पण संवाद सुरू झाला आहे.

संकल्प: यापुढे रोज गाडीनेच ऑफिसला. गाडीला सवय हवी.

६ मार्च, शुक्रवार

बसने गेलो. गाडीने प्रवासास आरंभ केला नाही.

मेहुण्याचा फोन. समोरच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडतं. देशी: ३. तो हसत हसत सांगतो याचं मला नवल वाटतं. मी त्याच्या जागी असतो तर एवढं सांगितलं नसतं.

१२ मार्च, गुरुवार, सकाळी

काल संध्याकाळचा प्रकार शांतपणे नोंदवतो.

उपसंचालकांची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून त्यांना लिफ्ट दिली. मी अकरा वर्षं या संधीची वाट पाहत होतो. सीटचं लेदर त्यांना आवडलं. पुलावर, बरोबर मध्यावर, आधी पिवळ्याच्या जोडीला लाल दिवा आला, मग बॉनेटमधून वाफ, मग काहीच नाही. मागे हॉर्न. उपसंचालक कागदपत्रांची बॅग छातीशी धरून पूल चालत पार करून गेले. जाताना ते काहीतरी म्हणाले, पण हॉर्नमुळे ऐकू आलं नाही. बरंच झालं.

आता हा बिघाड का? गाडी प्रवासात होती हे मान्य करतो. पण उपसंचालकांनी दार फार जोरात लावलं होतं. गाडीच्या मूळ देशात लोक दारं हळू लावतात, गाड्या तशा बनवलेल्या असतात. नमुन्याला शुद्धिपत्रक जोडलं: ‘प्रवाशाच्या वर्तनामुळे उद्भवलेली स्थिती बिघाडात मोजू नये.’ परदेशी: ०.

मेहुणा पंधरा मिनिटांत आला, दोर बांधून त्याने मला गॅरेजपर्यंत ओढत नेलं. चढावर त्याच्या गाडीच्या क्लचला जळका वास येत होता. मला मागे स्पष्ट आला. देशी: ४. दोराचा हूक वाकला, देशी: ५.

१४ मार्च, शनिवार

स्पेशालिस्टने पाहिलं. एक पार्ट गेला आहे. तो तिकडूनच यावा लागतो, जहाजाने. इथे बनत नाही. मेहुण्याला हे ऐकवलं. जी वस्तू सगळीकडे बनते तिची काय किंमत?

प्रश्न: गॅरेजमधले दिवस कसे धरायचे? विचारांती निर्णय: गॅरेजमध्ये असलेली गाडी ही विश्रांती घेणारी गाडी होय. ती प्रवासात नाही, म्हणजे बिघाड संभवत नाही. नव्वद दिवसांतून ते वगळण्याचंही कारण नाही. माणूस झोपलेला असतो तेव्हाही तो प्रामाणिकच असतो.

२८ मार्च, शनिवार

गाडीला भेटून आलो. दर शनिवारी जायचं ठरवलं आहे. बॉनेटवर कुणाचे तरी दोन टॉवेल वाळत होते. ते काढायला लावले. आत बसलो, दार हळू लावलं. अजूनही वास तोच, दंतवैद्याच्या वेळचा.

जहाज निघालं आहे.

स्पेशालिस्ट घरी जायला निघाला तेव्हा पाहिलं, त्याची स्वतःची गाडी देशी आहे. दिवसभर इंपोर्टेड गाड्यांत वावरून त्याला बदल हवासा वाटत असणार.

सलग सोळा दिवस एकही बिघाड नाही. मेहुण्याच्या याच काळात तीन: हॉर्नचा आवाज बसला, आरसा ढिला झाला, पंक्चर. देशी: ८.

११ एप्रिल, शनिवार

पार्ट आला. डाव्या बाजूचा. माझा उजव्या बाजूचा आहे.

दुसरं जहाज. स्पेशालिस्ट म्हणाला, साहेब, इंपोर्टेडवाल्याला धीर धरता आला पाहिजे. खरं आहे. देशी गाडीवाल्यांना हा गुण अंगी बाणवायची संधीच मिळत नाही.

बसमध्ये सौ.च्या शेजारची जागा आता माझीच झाली आहे. कंडक्टर मला काका म्हणतो आणि गाडी कधी येणार विचारतो. सौ.नेच सांगितलं असणार.

१९ एप्रिल, रविवार, रात्री ८.३०

मुलीला दवाखाना बघायला जायचं होतं. आधी मला विचारलं. मी म्हटलं, गाडी विश्रांती घेते आहे. मग मामाबरोबर गेली. जाऊन-येऊन एकशे छत्तीस किलोमीटर. परतल्यावर मेहुण्याने इमानदारीत सांगितलं की मागचं दार दोनदा लावावं लागतं. देशी: ११.

मुलगी जेवताना सांगत होती. दवाखाना लहान आहे, दोन खोल्या, एक डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतात. बाकी सगळं नर्सवर. आधीची नर्स नोकरी सोडून गेली, कारण तिची गाडी एकदा त्या वीस किलोमीटरमध्ये बंद पडली. दुपारी बारापासून ती तिथे बसून होती. फोन नाही, माणूस नाही. दिवेलागणीला दुधाची व्हॅन आली तेव्हा सुटली. त्यानंतर ती त्या रस्त्याने पुन्हा गेलीच नाही.

सौ.चा घास हातातच राहिला.

मुलीने हे अगदी सहज सांगितलं. म्हणाली की म्हणूनच तर बाबांचा नमुना पूर्ण व्हायची वाट बघते आहे.

त्या नर्सची गाडी देशी असणार. कोणती होती, ते मी विचारलं नाही.

१० मे, रविवार

पक्की प्रत लिहायला घेतली. अक्षर चांगलं आलं. समासात तांबडी रेघ.

सौ.ने विचारलं की किलोमीटर किती झाले दोन्ही गाड्यांचे. सांगितलं की तो रकाना नाही. म्हणाली, रकाना नसेना, किलोमीटर तर असतील. तिला या कामाचा अनुभव नाही.

संकल्प: घरच्यांच्या अभिप्रायाकडे लक्ष न देणे.

१६ मे, शनिवार

मुदत संपली. देशी १४, परदेशी ०.

शेवटचा चौदावा बिघाड मेहुण्याने आज सकाळी कळवला, ॲशट्रे निघून हातात आली. तो सिगरेट ओढत नाही. मी त्याला वगळू का विचारलं, तर म्हणाला, असू द्या भावजी, नियम म्हणजे नियम. माणूस मनाने मोठा आहे. फक्त गाडी चुकली.

१७ मे, रविवार, दुपारी

जेवणानंतर सादरीकरण. मेहुण्याने मोठ्याने हसून माझा हात हातात घेतला, भावजी, तुमच्यापुढे कोण बोलणार, असं म्हणाला. मुलीने तिन्ही पानं, शुद्धिपत्रकासह, वाचली. हळू वाचते ती, लहानपणापासून. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा पूर्ण वाचायची.

मग म्हणाली, ठरलं, इंपोर्टेड. तिने एक जुनी पाहूनही ठेवली होती. माझ्याच कंपनीची, माझंच मॉडेल, दोन वर्षांनी नवी. येत्या शनिवारी व्यवहार.

जिंकलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा निर्विवाद निकाल आठवत नाही.

त्याच दिवशी, रात्री ९ वाजता

भांडी पुसताना सौ.ने एकच प्रश्न विचारला. आपल्या स्वतःच्या गाडीत पोरीला त्या रस्त्याने पाठवाल का?

मी म्हटलं, आपली गाडी गॅरेजमध्ये आहे.

ती म्हणाली, तेच विचारते आहे.

१९ मे, मंगळवार

झोप नाही. उकाडा असावा.

उद्याची किरकोळ रजा टाकली. रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी करायला हवी. ते काम नमुन्यात राहून गेलं होतं. रस्ता चांगला असेल तर सगळे प्रश्न मिटतात. घरी सांगितलेलं नाही.

२० मे, बुधवार, दुपारी (जागेवर)

बसने आलो. वीस किलोमीटरच्या मध्यावर उतरलो. कंडक्टरने विचारलं, इथे कुणाकडे? इथे कुणी राहत नाही. म्हटलं, पाहणी.

रस्ता चांगला आहे. खड्डे नाहीत. दोन्ही बाजूंना झाडं. पण सावली रस्त्यावर पडत नाही. बसायला मैलाचा दगड आहे, तापलेला.

फोन पाहिला. रेंज नाही. पन्नास पावलं पुढे जाऊन पाहिला. पन्नास पावलं मागे येऊन पाहिला.

परतीची बस दोन तासांनी.

पाणी आणलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्याचा माणूस.

दोन तासांत तीन वाहनं गेली. तिन्ही देशी. तिसरी दुधाची व्हॅन होती. ड्रायव्हरने थांबून विचारलं की काका, गाडी बंद पडली का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग इथे का बसलाय?

तो गेल्यावर काहीच आवाज नव्हता. मी पोरीच्या वयाचा नाही, पुरुष आहे, दिवसाढवळ्या बसलो होतो, आणि बस येणार हे मला माहीत होतं. तरी मला भीती वाटली.

२१ मे, गुरुवार

मुलीला आज सांगायचं. नमुन्यात काही सुधारणा संभवतात, अशा शब्दांत.

संध्याकाळी ती विमा आणि लायसन्सचे कागद लावत बसली होती. माझा नमुना तिने वेगळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आहे. उद्या सांगेन.

२२ मे, शुक्रवार

उपसंचालकांची मीटिंग लांबली. घरी आलो तर मुलगी मैत्रिणीकडे. उद्या जाताना वाटेत सांगता येईल. वाट बरीच लांब आहे.

२३ मे, शनिवार, दुपारी ३

वाटेत सांगितलं नाही. बस भरलेली होती.

विक्रेत्याच्या ऑफिसमध्ये पंखा, दोन खुर्च्या, काचेपलीकडे ती गाडी. माझ्याच गाडीचा तो रंग. विक्रेता तोंडभर बोलत होता. मुलीने फोल्डर काढून सांगितलं की निर्णय आमचा झालेला आहे, बाबांनी नव्वद दिवस अभ्यास केला आहे. विक्रेत्याने नमुना वाचला. इतका खूश झाला की झेरॉक्स मिळेल का म्हणाला. भिंतीवर लावायची होती.

तो झेरॉक्स काढायला उठला. मुलीने पेनाचं टोपण काढलं.

मी म्हणालो की सही करू नकोस. आवाज मोठा निघाला असावा, विक्रेता दारातच थांबला. मग एकदम सगळंच बोलून गेलो. नव्वद दिवसांपैकी सहासष्ट दिवस माझी गाडी गॅरेजमध्ये होती. उरलेल्या चोवीसांत ती नऊदा सुरू झाली नाही आणि एकदा पुलावर बंद पडली. व्याख्या मी तशी केली होती. तुझ्या मामाच्या गाडीचे चौदाच्या चौदा बिघाड मिळून ती एक तासही कुठे अडकली नाही.

विक्रेता म्हणाला, प्रत्येक गाडी वेगळी असते साहेब. मी म्हटलं, तुम्ही झेरॉक्स काढू नका.

मुलगी म्हणाली की गाडी घरी नाही हे तिला रोज दिसतच होतं. मग सही का करत होतीस, मी विचारलं.

म्हणाली, तुम्ही लिहिलं होतं म्हणून. मला वाटलं, मला गाड्यांतलं कळत नाही, काहीतरी कारण असेल. मी एकटी जाणार त्या रस्त्याने, म्हणजे बाबा उगाच काही लिहिणार नाहीत.

तिने टोपण लावून पेन परत दिलं. आम्ही बाहेर आलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एकतीस वर्षांत माझा नमुना इतक्या विश्वासाने कुणी वाचला नव्हता.

२४ मे, रविवार

मेहुण्याने सकाळी एका शाळामास्तरांची सहा वर्षांची देशी गाडी दाखवली. आधीच बघून ठेवली होती म्हणाला, लागली तर असावी म्हणून. मुलीने चालवून पाहिली. मामा पुढे बसला, मी मागे. मला कुणी काही विचारलं नाही. मीही एकाच गोष्टीवर मत दिलं, की स्टेपनीत हवा आहे का बघा. होती.

मेहुण्याने सबंध सकाळभर नमुन्याचा विषय काढला नाही. त्याने काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

सौ.ने जेवताना माझ्या ताटात न विचारता वाढलं.

३१ मे, रविवार

माझी गाडी आली! उजवा पार्ट, उजव्या बाजूला. स्पेशालिस्ट म्हणाला, आता पाच वर्षं बघायला नको. घरापर्यंत व्यवस्थित आली. पिवळा दिवा विझलेला. लेदर पुसून घेतलं.

योजना: उद्या मुलीचा पहिला दिवस. ती साडेपाचला निघणार. मी पाच चाळीसला निघून, तिला न कळता, मागोमाग जायचं. वीस किलोमीटर संपेपर्यंत. नवी माणसं, नवा रस्ता, मागे कुणीतरी असलेलं बरं. यात इंपोर्टेड-देशी असा काही प्रश्न नाही. पाण्याच्या दोन बाटल्या डिकीत ठेवल्या. सौ.ला सांगितलं. तिने डोक्याला हात लावला, पण डबा भरून दिला.

१ जून, सोमवार, सकाळी ५.५५

मुलगी साडेपाचला गेली. हात हलवला, वळणावर इंडिकेटर दिला, दिसेनाशी झाली.

मी पाच चाळीसला निघालो. पाच सत्तेचाळीसला दुसऱ्या सिग्नलवर गाडी बंद पडली. टक्. मग शांतता.

प्रवासात होती. दार मीच लावलं होतं, हळू. बिघाड आहे. परदेशी: १.

सकाळी ६.४०

दोन वाहतूक पोलिस आणि एका पेपरवाल्याने गाडी कडेला ढकलून दिली. स्पेशालिस्टचा फोन बंद आहे. मेहुण्याला फोन केलेला नाही.

मुलगी आत्ता जंगलात शिरली असणार. वीस किलोमीटर म्हणजे पंचवीस मिनिटं, सावकाश चालवली तर तीस. ती सावकाश चालवते. पोचून फोन करते म्हणाली होती.

सकाळी ७.०५

फोन नाही.

सकाळी ७.१२

फोन नाही. लावून पाहिला. संपर्क क्षेत्राबाहेर. घरी फोन केला तर सौ. म्हणाली की माझा फोन अडवू नका, तिचा यायचा आहे. तिला मी कुठे आहे ते सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही.

मला तो तापलेला दगड दिसतो आहे. आत्ता तापलेला नसेल, सकाळ आहे.

सकाळी ७.३५

आला फोन. पोचली. सव्वासातलाच पोचली होती, पण दारात पेशंट उभी होती, म्हणून आधी तिला आत घेतलं. बाळंतपणाची आहे, सगळं ठीक आहे, अजून वेळ आहे म्हणाली. मागे कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज. ती घाईत होती.

मी विचारलं, गाडी कशी चालली?

म्हणाली की कोण जाणे बाबा, गाडीकडे लक्षच गेलं नाही. पहिली पेशंट कोण असेल, याचाच विचार करत आले. तुम्ही कुठे आहात, हॉर्न फार वाजतायत. म्हटलं, ऑफिसला निघालोय. तिला कुणीतरी हाक मारली, तिने फोन ठेवला.

मी तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. अडुसष्ट किलोमीटर, आणि गाडीकडे लक्षच गेलं नाही. अकरा वर्षांत माझा असा एक दिवस गेलेला नाही. मेहुण्याला फोन लावला, दोर आण म्हटलं. मग मुलीचं ते वाक्य लिहून ठेवायला नमुना काढला. पाचही रकाने पाहिले. कुठल्यात लिहायचं ते कळेना.